सूचना : रविवारची वूच फेरी, ‘वूच कालिस्का’ प्रदर्शन

वॉर्सातल्या सभासदांसाठी. तिकीट ‘वूच फाब्रिच्ना’ स्थानकाचं काढा. ‘वूच कालिस्का’ हा वूच शहरातल्या कलाकारांचा गट; त्याचं नाव ‘कालिस्का’ स्थानकावरून पडलंय, म्हणून लोक हमखास तिथलं काढतात आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला उतरतात. फाब्रिच्नाहून पियोत्र्कोव्स्का रस्ता चालत गाठता येतो.

1979 साली सुरू झालेला हा गट. डिसेंबर 1981 मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा आला, कलाकारांनी सरकारी दालनांवर बहिष्कार घातला आणि पियोत्र्कोव्स्का 149 मधल्या माळ्यावर सगळं चालू झालं. खर्च ‘झ्झुता’तून, म्हणजे आपली काँट्रीच!

‘टँगो’ मासिकाचे अंक घाईत बघू नका. पानं ज्याची त्याने करून दिलेली, अंक हाताने जुळवलेले. पानाची कड, चिकटवलेले तुकडे नीट पाहा. असा कागद आणि जुने फोटो उजेडाने फिके पडतात, म्हणून अशा दालनांत साधारण 50 लक्सच, म्हणजे अगदी मंद प्रकाश असतो. डोळे सरावायला पाच मिनिटं द्या. फ्लॅश बंद, काचेवर नुसता पांढरा डागच येतो.

फ्रेंच चित्रकार डेलाक्रुआच्या ‘स्वातंत्र्यदेवी’ या गाजलेल्या चित्राची टर उडवणारा फोटो शेवटी बघा. नग्नचित्रं बरीच आहेत, मुलांना आणायचं का ते पालकांनी ठरवावं.

येणाऱ्यांनी गुरुवार रात्रीपर्यंत कळवा.