जिद्द पुरे, साधनांचे बोला

महोदय,
अपंगांच्या स्कूबा डायव्हिंगवरचे लेख बहुधा त्यांच्या जिद्दीपाशीच थांबतात. खरी अडचण साधनांची असते. पाण्यात वर-खाली होण्यासाठी घातलेल्या जॅकेटमध्ये हवा भरण्या-सोडण्याची बटणे सहसा डाव्या बाजूच्या नळीवर असतात. डावा हात नसेल, तर ती नळी उजवीकडे घेता येते. एकच पाय असेल, तर शरीर कलू नये म्हणून वजने बाजू पाहून लावावी लागतात. बोटांमध्ये पडदे असलेले हातमोजेही उपयोगी पडतात. पोकळ कृत्रिम पायाला मात्र पाणी शिरायला भोके हवीतच, नाहीतर अडकलेली हवा पाय वर खेचते. (सूटची बाही आखूड करणे तर साधे शिवणकाम!) अमेरिकेत १९८१ पासून अशा डायव्हरांसाठी स्वतंत्र संघटना आहे. प्रशिक्षण केंद्रांनी नकार देण्याआधी निदान जलतरण तलावात साधने जुळवून पाहावीत.
– एक वाचक