पूल झाला, पण चढायचं कुठून?

मा. संपादक साहेब, स. न.

आमच्या गावच्या ओढ्यावर दोन वर्षांपासून पुलाचं काम चालूय, म्हणजे पूल झालाय, स्लॅब पडला, कठडे लागले, फक्त वर चढायला रस्ता नाही. दोन्ही टोकाला पुरुषभर उंच भिंत अन् त्यातून गज बाहेर आलेले, कुणीतरी गजाला लाल लुगड्याचा तुकडा बांधलाय, रात्री काही दिसत नाही तो पण असो. मागच्या हंगामात दोघातिघांनी शिडी लावून सोयाबीन वर नेलं अन् वाळवलं, पुलाचा आजवर झालेला उपयोग तेवढाच.

पारावर रोज याचीच चर्चा. कुणी म्हणतंय जमिनीचा मोबदला अडकलाय, कुणी म्हणतंय ठेकेदाराचं बिल अडकलंय, कुणी म्हणतंय पुलाची उंचीच चुकली. साईटवर विचारावं तर पोकलेनवाला परप्रांतातला, तो हसतो अन् हात वर करतो.

माहिती नसली की काय होतं बघा. दोन स्लॅबच्या मधी दोन बोटं फट आहे, ती पाहून पूल तडकला म्हणून गावभर बोंब झाली अन् एका उत्साही माणसानं घरचं उरलेलं सिमेंट कालवून ती फट भरून टाकली! पुण्याला कामाला असलेला आमच्यातलाच एक मिस्त्री दिवाळीला आला तवा कळलं की ती फट मुद्दाम ठेवतेत, आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, काँक्रीट फुगतं, त्याला सरकायला जागा लागते. गर्डरखाली, म्हणजे स्लॅब पेलणाऱ्या तुळयांखाली, काळ्या रबराच्या गाद्या आहेत त्या पण त्याच्यासाठीच, आम्ही समजायलो होतो ठेकेदारानं जुने टायर कोंबलेत. फटीतलं सिमेंट मग छिन्नीनं काढावं लागलं.

भरावाचं पण त्यानंच सांगितलं. आपली काळी माती पाण्यानं फुगते अन् उन्हात भेगाळते, तिच्यावर घाईत भराव टाकला तर पुलाच्या तोंडाशी खड्डा पडतो, म्हणून माती काढून मुरूम थराथरानं टाकून, पाणी मारून रोलर फिरवावा लागतो. बरं, मग तसं करायचं असल म्हणून थांबलेत का? असल तर आम्ही थांबूत की, पण तसं सांगा तरी!

तोवर बाजूनं जो कच्चा वळणरस्ता दिलाय त्याच्यावर नेमकी तीच काळी माती टाकलीय. पाऊस झाला की मोटरसायकल आडवी, यष्टी फाट्यावरूनच परत, पोरं चपला हातात घेऊन शाळंला. 2016 ला ज्या लातूरला मिरजहून रेल्वेनं पाणी आणलं तिथं पाण्यानं गाव तुटतं म्हणलं की पाहुणे हसतेत, पण 2025 च्या सप्टेंबरात अतिवृष्टी अन् पुरानं मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय.

आमची मागणी लई मोठी नाही. कामाच्या जागी एक बोर्ड लावा, त्याच्यावर काम काय, खर्च किती, ठेकेदार कोण, मुदत कधीची अन् सध्या कशामुळं थांबलंय एवढं मराठीत लिहा. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यातलं कलम 4 म्हणतं की अशी माहिती कुणी मागायच्या आधीच खात्यानं जाहीर करावी. आम्ही तर दोनदा जाऊन मागितली, दोन्ही वेळेस साहेब मीटिंगला होते.

पेरण्या उरकल्यात. शिडी अजून पुलालाच टेकवून ठेवलीय.

— एक वाचक, ता. औसा, जि. लातूर