फोन विकताना सिम कोणते, हे कोणी विचारतच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी एसटीत वाहक आहे. बावीस वर्षांची नोकरी नाशिक जिल्ह्यातच झाली आणि त्यातली शेवटची सहा वर्षे बहुतेक नाशिक-पेठ रस्त्यावर गेली. राहायला पंचवटीत, पेठ रोडला. नव्या मोबाइलबद्दल पेपरात जे येते ते मी आवडीने वाचतो. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती तास टिकते, किंमत किती, हे सगळे त्यात असते. हा फोन कोणत्या कंपनीच्या सिमवर नीट चालेल आणि घाटात रेंज धरील का, एवढे मात्र नसते. ते ठाऊक नसल्यामुळे माझ्यावर जो प्रसंग आला, तो सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या दिवाळीत माझा जुना फोन बंद पडला. मुलाला घेऊन महात्मा गांधी रोडवर गेलो. दुकानातल्या पोराने चार प्रश्न विचारले. बजेट किती, कॅमेरा कसा हवा, रॅम किती पाहिजे आणि पैसे रोख देणार की हप्त्याने. साडेबारा हजारांचा एक ५जी फोन पसंत पडला. त्याने वरची काच बसवून दिली, कव्हर फुकट दिले आणि म्हणाला, "काका, ५जी आहे, आता पाच वर्षं बघायला नको." सिम कोणते वापरता, दिवसभर कुठे असता, हे त्याने विचारले नाही. मलाही सांगायचे सुचले नाही.

घरी फोन उत्तम चालला. सीबीएस स्टँडवर चालला, आशेवाडीपर्यंत चालला. सावळघाट लागला की रेंज जायची, पण तो रस्ता तसाच, असे मी धरून चाललो होतो. नव्या तिकीट मशीनवर प्रवासी क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देतात. घाटात त्यांचे मोबाइल गोल-गोल फिरत राहतात आणि ज्यांच्याकडे रोख नसते ते माझ्याकडे हॉटस्पॉट मागतात. आधीच्या फोनवरून मी तो देत असे, नव्यावरून देता येईना.

जानेवारीत एके दिवशी दुपारच्या फेरीत कोटंबी घाट उतरून गाडी पेठ स्टँडवर लागली आणि खिशातला फोन थरथरू लागला तो थांबेना. नऊ मिस्ड कॉलचे मेसेज, सगळे घरून. वडिलांना धाप लागली होती, घरी बायको एकटी. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली आणि दवाखान्यात नेले. वडील चार दिवसांत घरी आले, आता बरे आहेत. पण तो पाऊण तास ती मला फोन लावत होती आणि पलीकडून बाई सांगत होती की ग्राहक संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. ते तिने मला नंतर सांगितले तेव्हा मला मान वर करवेना.

मी रेंजच्या नावाने बोटे मोडत होतो, तेव्हा आमचे चालक म्हणाले, "माझा तर घाटात वाजला होता, गाडी चालवत होतो म्हणून घेतला नाही." त्यांचे सिम आणि माझे सिम एकाच कंपनीचे. त्यांचा फोन चार वर्षांचा, कोपऱ्यात काच तडकलेला.

मग आम्ही एक केले. पेठ स्टँडवर चहाच्या टपरीवरच्या ताईंकडून सेफ्टी पिन मागून घेतली, दोन्ही फोनचे ट्रे काढले आणि सिमची अदलाबदल केली. परतीच्या फेरीत दोन्ही फोन मांडीवर, तिकीट मशीनशेजारी ठेवून बसलो. घाटाच्या तिसऱ्या वळणावर माझ्या नव्या फोनवर 'नो सर्व्हिस' आले. त्यांच्या तडकलेल्या फोनवर दोन कांड्या होत्या, आणि आत सिम माझे होते. करंजाळीपर्यंत त्या कांड्या हलल्या नाहीत. म्हणजे टॉवर होता, सिम चांगले होते, रिचार्जही होता. कमी पडत होता तो माझा साडेबारा हजारांचा फोन.

मुलगा पॉलिटेक्निकला आहे. रात्री त्याने फोनचा रिकामा खोका शोधून काढला. त्यावर बँडबद्दल, म्हणजे फोन कोणत्या लहरी पकडतो याबद्दल, एक शब्द नव्हता, तेव्हा कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन पार तळाला बारीक अक्षरातली यादी काढली. ४जीचे बँड १, ३, ५, ८, ४०, ४१. चालकांच्या फोनच्या यादीत याशिवाय २८ होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या फोनवर एक ॲप टाकून पाहिले, तर घाटात तो फोन २८ नंबरच्या बँडवरच टिकून होता. बँड २८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी. माझ्या फोनला त्या ऐकूच येत नव्हत्या.

यातले मला जे कळले ते माझ्या शब्दांत सांगतो. नाशिक ढोल सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मिरवणूक रविवार कारंजावर असली तर चार गल्ल्या पलीकडे आधी ढोलाचा ठोका येतो, ताशाची तडतड जवळ गेल्यावरच ऐकू येते. मोबाइलच्या लहरींचेही तसेच. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झ हा ढोल. लांब जातो, भिंतीतून आत शिरतो, डोंगराच्या आडोशालाही थोडाफार पोचतो. २३००, २५००, ३५०० हा ताशा. वेग भरपूर, पण पल्ला कमी. कॉलेज रोडला जवळजवळ टॉवर आहेत, तिथे ताशावर काम भागते. पेठ-सुरगाण्याकडे टॉवर दूर, मध्ये डोंगर, तिथे ढोल ऐकू येणारा फोन लागतो. आणि कोणता फोन कोणता आवाज ऐकतो, हे तो बनवतानाच ठरलेले असते. नंतर सेटिंगमध्ये जाऊन काही करता येत नाही.

कंपन्यांचेही एकसारखे नाही, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही. जिओ २०१६ मध्ये आले ते थेट ४जी घेऊन. २जी, ३जी त्यांच्याकडे कधी नव्हतेच, त्यामुळे त्या सिमवर साधा कॉलसुद्धा व्होल्टीवरून, म्हणजे ४जीच्या वाटेनेच जातो. फोनमध्ये व्होल्टी नीट नसेल तर बोलणे होणार नाही. एअरटेल आणि व्हीआय यांच्याकडे जुने २जी आहे, ४जी सुटले तर फोन तिकडे उतरतो आणि निदान बोलता येते. बीएसएनएलच्या देशी बनावटीच्या ४जीचे देशभरासाठी उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. त्यात ७०० मेगाहर्ट्झचा वापर आहे, म्हणजे बँड २८ नसलेल्या फोनला त्यातला लांब पोचणारा भागच मिळणार नाही. आदिवासी भागातले कितीतरी लोक आजही बीएसएनएलचे सिम सांभाळून आहेत, त्यांच्यासाठी ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे.

५जीचे तर आणखी वेगळे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सुरू झाले तेव्हा जिओने ते स्वतंत्र उभे केले, त्याला स्टँडअलोन म्हणतात. एअरटेलने सुरुवात केली ती ४जीच्या आधाराने चालणाऱ्या नॉन-स्टँडअलोन पद्धतीने. फोनला दोन्ही यावे लागते. २०२४ च्या अखेरीस दहा हजारांच्या आतला एक ५जी फोन बाजारात आला, तो फक्त स्टँडअलोनवर चालणारा होता. दुसऱ्या पद्धतीच्या सिमवर तो ४जीच दाखवणार. उलट, ५जी सुरू होण्याआधीच जे ५जी फोन विकले गेले, त्यातल्या कित्येकांत ५जीचा एखाद-दुसराच बँड होता. खोक्यावर मोठ्या अक्षरात '५जी' दोघांच्याही. गिऱ्हाईक पैसे मोजते ते त्या दोन अक्षरांचे.

आमच्या नात्यातल्या एका मुलाने अमेरिकेतून आपल्या आईला फोन पाठवला, त्याचीही हकीकत सांगतो. तिकडे मोबाइल कंपन्या हप्त्यावर फोन देतात आणि तो आपल्याच सिमला बांधून ठेवतात. माउलीने इथले सिम घातले तर फोन 'चालणार नाही' म्हणाला. मुलाने तिकडे उरलेले पैसे भरून तो सोडवून घ्यायला दोन महिने गेले. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ पासून तर सिम घालायची खाचच नाही, सगळे ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेले सिम. आपल्याकडे दुकानातून घेतलेला फोन सहसा असा बांधलेला नसतो, कोणतेही सिम घाला. ही आपली मोठी सोय आहे. पण बाहेरून आलेला किंवा सेकंडहँड फोन स्वस्तात मिळतो म्हणून कोणी घेत असेल, तर पैसे देण्याआधी स्वतःचे सिम घालून एक कॉल लावून पाहावा, आणि इंटरनेट नाही, कॉलच लावावा.

घडल्या प्रकारानंतर मी एक वही केली. पंधरा दिवस प्रत्येक फेरीत प्रत्येक थांब्यावर चार कंपन्यांचे रकाने पाडून खुणा केल्या. कॉल लागला तर बरोबरची खूण, नुसत्या कांड्या दिसल्या पण कॉल लागला नाही तर फुली. माझा फोन, चालकांचा फोन आणि रोजचे प्रवासी. त्यात करंजाळीला जाणाऱ्या दोन शिक्षिका आहेत, एक आरोग्यसेविका आहेत. सगळ्यांनी हौसेने मदत केली. आरोग्यसेविका म्हणाल्या, "भाऊ, आम्ही दोन सिम त्याच्यासाठीच ठेवतो, एक घरचं आणि एक पाड्याचं."

कंपन्यांच्या वेबसाइटवर रेंजचे नकाशे आता असतात, ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने २०२४ च्या नियमांत ते बंधनकारक केले आहे. मी ते पाहिले. माझ्या वहीत ज्या दोन वळणांवर फुल्या आहेत, तिथे नकाशात रंग भरलेला आहे. नकाशा चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. तो उघड्यावरचा अंदाज असतो आणि आम्ही पत्र्याच्या गाडीत, दरीच्या कडेला असतो. म्हणून नकाशा पाहावा, पण त्याच रस्त्यावर रोज जाणाऱ्या दोन माणसांनाही विचारावे. ज्या वाटेवर आपला दिवस जातो तिथे कोणाची रेंज आहे हे आधी, मग त्या कंपनीचे बँड, आणि मग ते बँड असलेले फोन कोणते. कॅमेरा त्याच्यानंतर. आपण नेमके उलट करतो.

कंपनी बदलणे अवघड नाही. नंबर तोच ठेवून पोर्ट करण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. १९०० वर मेसेज केला की कोड येतो, तो चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले असावे लागतात. दुसरे सिम फक्त बोलण्यापुरते ठेवायचे असेल तर इंटरनेट नसलेले रिचार्जही २०२५ च्या जानेवारीपासून मिळतात, तेही ट्रायच्या आदेशामुळे. दुकानात मात्र डेटावाला रिचार्जच आधी पुढे करतात, मागून घ्यावे लागते.

माझी मागणी साधी आहे. फोनच्या खोक्यावर जशी छापील किंमत असते, तसे त्यात कोणते बँड आहेत आणि ५जी कोणत्या पद्धतीचे आहे हे डोळ्यांना दिसेल अशा अक्षरात छापावे. ते होईपर्यंत दुकानदारांनी काउंटरवर एक मराठी तक्ता लावावा, कोणत्या सिमला कोणते बँड लागतात याचा. एका कागदाचे काम आहे. आणि चार प्रश्नांत पाचवा घालावा: सिम कोणते आणि राहता-फिरता कुठे? नाशिकच्या दुकानांत फोन घ्यायला फक्त गंगापूर रोडचे लोक येत नाहीत. हरसूल, पेठ, सुरगाणा, कळवण इथून दिवसाची मजुरी बुडवून, एसटीने येऊन माणसे फोन घेतात. द्राक्षाच्या हंगामात हाती आलेल्या पैशातून घेतलेला फोन पाड्यावर गेल्यावर गप्प बसला, तर तो परत करायला पुन्हा एक दिवस आणि पुन्हा तिकीट. आणि सील फोडलेला खोका कोणी परत घेत नाही. माझाही घेतला नाही.

आपल्या वृत्तपत्रालाही विनंती आहे. मोबाइलच्या माहितीत एक ओळ वाढवावी, बँडची. वाचकाला पहिल्यांदा ती कळणार नाही, चार आठवड्यांत सवय होईल. मेगापिक्सेल तरी आम्हाला कुठे ठाऊक होते?

तो फोन मी बायकोला दिला, पंचवटीत तो उत्तम चालतो. मी २८ चा बँड यादीत स्वतः वाचून, नऊ हजारांचा ४जी फोन घेतला. घाटातल्या खुणांची वही पूर्ण झाली आहे, सीबीएसपासून पेठ स्टँडपर्यंत एकही थांबा सुटलेला नाही. आपल्याला छापण्याजोगी वाटली तर आणून देईन. या महिन्यात माझी सकाळची ड्युटी आहे, साडेतीननंतर मोकळा असतो.

आपला,
एक एसटी वाहक
पेठ रोड, पंचवटी, नाशिक
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)