मुक्ताला जरा नाही म्हणायला शिकव

प्रिय शुभा,

पत्र नाही म्हणून शिव्या घालायच्या असतील तर फोनवर घाल, इथे जागा कमी आहे. बीपीची गोळी चालू, गुडघे आपल्या मर्जीने चालतात. बस.

मुक्ता पुढच्या महिन्यात फ्रान्सला, ल्योंला चाललीय, एका कुटुंबात राहायला. काल त्या मादामचा व्हिडिओ कॉल होता. मी शेजारी गवार मोडत बसले होते. बाई गोड आहे. खाण्यापिण्याचं काही पथ्य आहे का, असं तिनं आपणहून विचारलं. आणि आमची कन्या, फ्रेंचच्या बी-टू पातळीचा दाखला मिरवणारी, काय म्हणाली? "ज नेम पा त्रो ले काकाउएत." दाणे फारसे आवडत नाहीत! मादाम हसून म्हणाली, मग अगदी थोडेच घालीन. ही म्हणते, "वी, मेर्सी." हो, थँक्यू!

अगं, हे मी आणखी कुणाला सांगू? त्या चतुर्थीला तुझ्याच घरी तिचे ओठ सुजले, आवाज गेला, आणि तुझ्या सासूबाई दारात उभ्या राहून "दाण्यांनी कुठं काय होतं?" म्हणत होत्या. रिक्षा तू पळत जाऊन आणलीस. (काकडीत कूट कुणी घातलं यावरून पुढे आपण किती दिवस अबोला धरला होता! ते भांडण अजून मिटलेलं नाही, लक्षात असू दे.)

मी फैलावर घेतलं तर म्हणे, "आई, पाहुण्यानं पहिल्याच दिवशी आजारपण काढायचं का?" आजीचं वळण! पानात टाकायचं नाही, वाढणाऱ्याचं मन मोडायचं नाही.

हॉटेलची मला एवढी धास्ती नाही. तिकडे अॅलर्जी होणाऱ्या 14 पदार्थांची यादी कायद्यात आहे, शेंगदाणा तिच्यात आहेच, आणि सुट्या पदार्थांचीही माहिती लेखी द्यावी लागते. पण घरच्या ओट्याला कुठला कायदा? जेवणाआधी ते लोक आपेरो घेत बसतात, तेव्हा मधोमध खाऱ्या दाण्यांची वाटी. तिच्यात बुडवलेले हात मग वेफर्सच्या वाटीत. शिवाय कर्ली म्हणून एक खाऊ असतो, दिसतो आपल्या कुरकुऱ्यांच्या भावंडासारखा, आणि असतो दाण्याचा. तळणीचं तेलही दाण्याचं असू शकतं. ल्योंचा तो लालभडक प्रालीनचा टार्ट बघून मी आधी हबकले होते, पण तो बदामाचा. बदाम चालतो, खाऊ दे पोटभर. पावात कधी ल्युपिनचं पीठ असतं, तेही दाण्याच्याच कुळातलं. दाण्याची अॅलर्जी असलेल्या काहींना तेही बाधतं, म्हणून मी तेही यादीत टाकलंय.

आता रोज रात्री भांडी झाली की आमची शाळा. "ज स्वी आलेर्जीक ओ काकाउएत. मेम अं तू पती प, से दांजर." अगदी चिमूटभरसुद्धा धोक्याचं. "एस किल्या दे काकाउएत ददां?" यात दाणे आहेत का? धाकटा मागून ओरडतो, "काका उठेत!" की संपलं, ती हसत सुटते. वाक्यं तिला पाठ आहेत गं. माझ्यापुढे घडाघडा म्हणते. पण बाहेरचं माणूस समोर आलं की आवाज पार खाली, शेवटी "पा ग्राव, पा ग्राव". काही विशेष नाही म्हणे! अॅलर्जीचा झटका आला तर टोचायच्या अॅड्रेनलिनच्या पेनसाठी मी किती फोन केले ते विचारू नकोस. पेन मिळालं, ते कुठे ठेवायचं आणि तिकडचा अँब्युलन्सचा 15 नंबर कधी फिरवायचा, हे मादामला मी वेगळं लिहून पाठवतेय. मजकूर तू तपासून दे. आलियाँसच्या फ्रेंच वर्गात बक्षीस तुला होतं, मी पास क्लास. आणि माझी डिक्शनरी अजून तुझ्याकडेच आहे.

निनादचा दहावीचा निकाल कळला, छान झालं. बदलीचं काय झालं? घर भाड्याने देणार की बंद ठेवणार? सविस्तर कळव.

मुख्य काम राहिलंच. रविवारी मुक्ताला फोन कर आणि मादाम हो. फ्रेंचमध्येच बोल. वाढ, आग्रह कर, रुसून बस, "माझ्यासाठी एक घास" म्हण. आग्रहात तुझा हात कुणी धरणार नाही, तुझ्या त्या श्रीखंडाच्या तिसऱ्या वाटीची मी साक्षीदार आहे. ती "पा ग्राव" म्हणाली की फोन आपट आणि पुन्हा लाव. मी मध्ये बोलणार नाही.

तुझी,
नीलू

ता. क. सासूबाईंना नमस्कार सांग. हे पत्र दाखवू नकोस.