ओव्हनची कडी अडकली म्हणून कंट्रोल बोर्ड बदलायचा का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

काही दिवसांपूर्वी आमच्या कुकिंग रेंजच्या, म्हणजे वर शेगडी आणि खाली ओव्हन अशा एकत्र उपकरणाच्या, ओव्हनने स्वयंसफाईचा फेरा पूर्ण केला, रात्रभरात तो पूर्ण थंडही झाला, पण सकाळी दार काही उघडेना आणि डिस्प्लेवर दाराच्या कडीतील दोष दाखवणारा संकेत लुकलुकत राहिला. दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने रेंजचा मागचा पत्रा न काढता, केवळ तो संकेत वाचून, कंट्रोल बोर्ड, म्हणजे ओव्हनचा सगळा कारभार चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, गेल्याचे सांगितले आणि तो बाजारात न मिळाल्यास रेंजच बदलण्याचा सल्ला दिला. प्रत्यक्षात बोर्ड धडधाकट होता. कडीच्या मोटारीशेजारी असलेल्या एका छोट्या स्विचची तार उष्णतेने करपून तुटली होती, एवढाच तो दोष. मी स्वतः विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीत बरीच वर्षे घालवलेली असल्याने तो सापडला. ज्यांचा या कामाशी संबंध नाही, त्यांनी मात्र तंत्रज्ञाचे म्हणणे मुकाट्याने मान्य केले असते. म्हणून हे पत्र.

स्वतःची सफाई करणारा ओव्हन १९६३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने बाजारात आणला. अशा ओव्हनमध्ये आतील तापमान सुमारे ४८० अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन चिकटलेल्या तेलकट थराची राख केली जाते. या तापमानाला कोणी दार उघडले, तर हात भाजेलच, शिवाय आत शिरलेल्या ताज्या हवेने धुमसणारा थर पेटूही शकतो. त्यामुळे फेरा सुरू होताना दाराला कडी लागते आणि तापमान साधारण ३०० अंशांच्या खाली उतरेपर्यंत ती सुटत नाही. हा आकडा उत्पादकागणिक थोडाफार बदलतो. थोडक्यात, फेरा संपल्यावर तासभर दार न उघडणे हा दोष नव्हे. बटणांचे कुलूप, म्हणजे मुलांच्या हाताने चुकून ओव्हन सुरू होऊ नये यासाठीची सोय, हीसुद्धा अनेकदा दाराच्या कडीतला बिघाड समजली जाते. माहितीपुस्तिकेत सांगितलेले बटण काही सेकंद दाबून धरले की ती सुटते.

खरा दोष समजून घ्यायचा, तर या कडीची रचना डोळ्यांसमोर आणावी लागते. एक छोटी मोटार कॅम, म्हणजे बाजूला फुगवटा असलेली चकती, सावकाश फिरवते. चकतीचा फुगवटा एकीकडे कडी पुढेमागे सरकवतो आणि दुसरीकडे एक-दोन मायक्रोस्विच, म्हणजे हलक्या दाबाने चालणारे छोटे स्विच, दाबतो किंवा सोडतो. कंट्रोल बोर्डाला डोळे नसतात. कडी लागली की सुटली, हे त्याला या स्विचच्या तारांमधूनच कळते. अपेक्षित स्थितीचा निरोप येईपर्यंत तो मोटारीला वीज देत राहतो, आणि ठरावीक वेळात निरोप आला नाही, की दोषाचा संकेत झळकवून मोकळा होतो. म्हणजेच त्या संकेताचा अर्थ ‘बोर्ड खराब आहे’ असा नसून ‘कडीचा निरोप मला मिळाला नाही’ असा असतो. निरोप न येण्याची कारणे अनेक असू शकतात. कडी जागेवरून हलली नसेल, कडी हलूनही स्विच दबला नसेल, स्विच दबूनही आतले संपर्क जुळले नसतील, संपर्क जुळूनही तार तुटलेली असेल. आणि हे सगळे ठीक निघाल्यावरच संशयाची सुई बोर्डाकडे वळायला हवी.

पहिला तपास कानाने करता येतो आणि त्याला कोणतेही हत्यार लागत नाही. प्रथम एमसीबी बंद करून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करावा, कारण वीज मध्येच गेल्यामुळे बोर्डाचा निव्वळ गोंधळ उडालेला असेल, तर तो एवढ्यानेच मिटतो. त्यानंतर कडीच्या दिशेने कान द्यावा. मोटारीची घरघर ऐकू येते, कडी आत-बाहेर होते, तरीही संकेत कायम राहतो, असे असेल तर मोटार चांगली आहे आणि दोष बहुधा स्विच किंवा त्याच्या तारांमध्ये आहे. घरघर येते पण कडी हलत नाही, तर ती घट्ट झालेल्या तेलकट थरामुळे किंवा वाकलेल्या दांडीमुळे अडकली आहे. काहीच आवाज नसेल, तर मोटारीचे वेटोळे तुटले आहे किंवा तिच्यापर्यंत वीजच पोहोचत नाही. सफाईचा फेरा सुरूच होत नसेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. दार बंद झाल्याचे सांगणारा दट्ट्याचा स्विच पुष्कळ ओव्हनमध्ये आतला दिवाही विझवतो. दार लावल्यावर दिवा जळतच राहिला, तर बोर्डाच्या लेखी दार उघडेच आहे आणि तो कडी लावणार नाही. बिजागरी सैल होऊन दार खाली झुकले असले, तरी हेच घडते.

यापुढचे काम मल्टिमीटरचे, म्हणजे तारेतला रोध आणि जोड तपासणाऱ्या मीटरचे, आहे आणि ते विजेची सवय असलेल्यानेच करावे. रेंज भिंतीपासून सरकवण्यापूर्वी एमसीबी बंद असावा, प्लग काढता येत असल्यास तोही काढावा, गॅसची जोडणी असल्यास तिचा कॉक बंद करावा. मायक्रोस्विचची एक तार सोडवून मीटर लावावा आणि बोटाने त्याची पट्टी दाबून पाहावी. दाबताना ‘टक्’ असा आवाज आला म्हणून स्विच चांगला, असे बरेच कारागीर मानतात. पण तो आवाज स्प्रिंगचा असतो, आतले संपर्क जळलेले असले तरी तो येतोच. खरे काय ते मीटर सांगतो. मोटारीच्या वेटोळ्याचा रोध मॉडेलप्रमाणे काहीशे ते काही हजार ओहम असतो, पण मीटर अनंत दाखवत असेल तर वेटोळे नक्की तुटलेले आहे. तार करपलेली निघाली, तर तिच्या जागी साधी प्लॅस्टिकच्या वेष्टनाची तार घालून वर चिकटपट्टी गुंडाळणे हा शुद्ध निष्काळजीपणा होय. तिथे उष्णता सोसणारे काचधाग्याचे वेष्टन असलेली तारच हवी आणि जोडही चिनी मातीच्या टोपीचा हवा.

बिचाऱ्या बोर्डावर आळ येतो तो आणखी एका भागामुळे, आणि तो कडीपासून दूर असल्याने कोणाच्या ध्यानात येत नाही. तो म्हणजे ओव्हनच्या आतल्या भिंतीवरील तापमानाचा सेन्सर. अनेक रेंजमध्ये तो प्लॅटिनमचा असतो. शून्य अंशाला त्याचा रोध १००० ओहम असतो आणि दर अंशाला तो सुमारे ३.८५ ओहमने वाढतो, म्हणून खोलीच्या तापमानाला त्याचा आकडा ११०० च्या आसपास असायला हवा. तापमान ३०० अंश असताना तोच आकडा २१०० च्या थोडा वर जातो. आता सेन्सरच्या जोडावर गंज चढून रोध हजारभर ओहमने वाढला, तर थंडगार ओव्हनही बोर्डाला तापलेला भासतो आणि तो इमानदारीने दार बंदच ठेवतो. अशा वेळी नवा बोर्ड बसवला तरी दार उघडणार नाही, कारण नव्या बोर्डालाही तोच खोटा आकडा मिळत राहील.

अडकलेले दार स्क्रूड्रायव्हरने उचकटण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात दाराची काच तडकते आणि आतले इनॅमल उडते. वीज तोडून, ओव्हन पूर्ण थंड झाल्यावर, मागचा किंवा वरचा पत्रा काढून चकती हाताने फिरवली की कडी सुटते. त्याहून घातक युक्ती म्हणजे स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून बोर्डाला फसवणे. संकेत जातो, ओव्हन चालू लागतो, गिऱ्हाईक खूश होते. पण पुढच्या सफाईच्या वेळी कडी लागलेली नसतानाही ४८० अंशांची भट्टी पेटते. असे काम करणाऱ्याला मी कारागीर म्हणणार नाही.

तपासणीचा हा क्रम काही गुपित नाही. वायरिंगचा नकाशा आणि संकेतांचे अर्थ छापलेला कागद पुष्कळदा खुद्द रेंजमध्येच, मागच्या पत्र्याआड किंवा खालच्या खणाच्या मागे, घडी घालून ठेवलेला असतो. तो तंत्रज्ञासाठी आहे, असे त्यावर लिहिलेले असते आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताच नसतो. उत्पादकांना माझी विनंती आहे, की तो कागद माहितीपुस्तिकेसोबतच द्यावा, कारण एकच संकेत वेगवेगळ्या कंपन्यांच्या रेंजवर वेगवेगळे दोष दाखवतो आणि या कागदाशिवाय त्याचा अर्थ लावणे म्हणजे अंदाजपंचे कारभार होय. दुरुस्ती सेवा देणाऱ्यांना विनंती अशी, की बोर्ड बदलण्याचा सल्ला देण्यापूर्वी स्विच, मोटारीचे वेटोळे आणि सेन्सर यांचे मीटरवर मोजलेले आकडे बिलावर लिहून द्यावेत. दहा-पंधरा मिनिटांचे हे काम आहे. आपल्या वाचकांनीही बोर्डाच्या पैशांची बोलणी सुरू करण्याआधी हे तीन आकडे मागून पाहावेत.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक