रिकाम्या जागांच्या पुढचा सराव हवा

महोदय,

आपल्या शैक्षणिक पानावरचे इंग्रजी प्रिपोझिशनचे सराव मी नेमाने पाहते. इन, ऑन, ॲट यांतून एक निवडा, जागा भरा, एवढ्यावरच ते थांबतात. मी माध्यमिक वर्गांना इंग्रजी शिकवते. सगळ्या जागा अचूक भरणाऱ्या मुलांनाही वाक्य कळलेले असते असे नाही, म्हणून हे पत्र. प्रिपोझिशन आपल्या मागून येणाऱ्या नामासह एक गट बनवते, आणि तो गट वाक्यात कुणाशी जोडलेला आहे हे ओळखणे हाच खरा अभ्यास आहे.

'ही पेंटेड द चेअर इन द गार्डन' हे वाक्य घ्या. 'बागेतली खुर्ची रंगवली' की 'खुर्ची बागेत रंगवली'? मराठीत 'बागेतली' हे रूप खुर्चीच्या लिंगाप्रमाणे चालते, त्यामुळे ते कुणाचे याविषयी शंकाच येत नाही. इंग्रजीत मात्र दोन्ही अर्थांना एकच 'इन द गार्डन', रूपात काडीचाही फरक नाही. जुन्या इंग्रजीतल्या नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. अकराव्या शतकानंतर ते बहुतेक झिजून गेले आणि त्यांचा भार प्रिपोझिशन आणि शब्दक्रम यांच्यावर पडला. म्हणून तर जागेकडे इतके लक्ष द्यावे लागते.

मी वर्गात एक सोपी कसोटी वापरते. 'द चेअर'च्या जागी 'इट' घालायचे. 'ही पेंटेड इट इन द गार्डन' असे म्हणता आले, तर गट क्रियापदाचा. 'इट'मध्ये बागही सामावून गेली आणि 'ही पेंटेड इट' एवढेच उरले, तर तो खुर्चीचा. गट वाक्याच्या आरंभी नेला, तर रंगकाम बागेत झाले हाच अर्थ राहतो.

उत्तरपत्रिकांत सर्रास दिसणारी एक चूक इथूनच येते: 'द लिस्ट ऑफ नेम्स आर ऑन द वॉल'. 'नावांची यादी भिंतीवर आहे' म्हणताना आपण 'नावांची' आधी उरकतो आणि कर्ता व क्रियापद यांच्यामध्ये ते अनेकवचन येत नाही. इंग्रजीत 'ऑफ नेम्स' कर्त्यानंतर येते आणि मुले जवळच्या अनेकवचनाला क्रियापद जुळवतात. तो गट कंसात टाकायला सांगितला की 'लिस्ट' उघडी पडते आणि 'इज' आपोआप सुचते. केवळ नियम सांगून हे साधत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

'डिपेंड ऑन', 'लिसन टू' अशा जोड्या पाठच कराव्या लागतात. त्यासाठी सध्याचे सराव चांगले आहेत, ते चालू ठेवावेत. त्यांच्या जोडीला एखादा छोटा उतारा छापावा. मुलांनी त्यातले असे गट कंसात घालावेत आणि प्रत्येकापासून ज्याच्याशी तो जोडला आहे त्या शब्दाकडे बाण काढावा. दोन्हीकडे बाण जाऊ शकेल अशी काही वाक्येही मुद्दाम घालावीत, आणि उत्तरे कारणांसह द्यावीत.

आपली,
एक इंग्रजी शिक्षिका