नमुना नंबर दोन

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा तू लिहिलंस, "बाबा, रोज सकाळी हार घातलेला फोटो बघायला नको वाटतं. यातल्या निम्म्यांना मी ओळखतसुद्धा नाही." खरं आहे. पुण्यात डबा भरून बस गाठायच्या गडबडीत फोन उघडावा आणि आमची 'भावपूर्ण श्रद्धांजली' समोर यावी, हे काही बरं नव्हे. तुझी आईही तुझ्याच बाजूची. "रिटायर झाले तरी यांचं रजिस्टर काही मिटत नाही," म्हणते. आता तू ओळखत नाहीस म्हणूनच पाठवतो, असं फोनवर म्हटलं असतं तर तुला राग आला असता. म्हणून पत्र.

उभी नोकरी राधानगरी आणि भुदरगड तालुक्यांत गेली हे तुला ठाऊकच आहे. गावात जन्म-मृत्यूचा निबंधक तेव्हा ग्रामसेवक असायचा, म्हणजे मीच. १९६९ चा कायदा, माणूस गेल्यापासून २१ दिवसांत नोंद. लोक माझ्याकडं यायचे ते दाखल्यासाठी. वारसाची नोंद लावायची, बँकेतले पैसे काढायचे, विमा मिळवायचा, प्रत्येक ठिकाणी दाखला लागतो. डोक्याचा गोटा केलेला मुलगा समोर बसायचा आणि मी त्याला विचारत जायचो. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, आईचं नाव, वय, ठिकाण.

वयाची मोठी गंमत. जुन्या माणसांच्या जन्मतारखा कुणाला माहीत? "आई कोयनेच्या भूकंपात दोन लेकरांची होती." म्हणजे १९६७ साली बाविसेक वर्षांची धरा. नाहीतर "आजा मानमोडीच्या साली रांगत होता," म्हणजे १९१८, इन्फ्लुएंझाच्या साथीचं साल. मग मी हिशेब करून ऐंशी लिहायचो, नाहीतर पंच्याऐंशी. आमच्या रजिस्टरात एक्क्याऐंशीचे फारसे कुणी मेलेच नाही बघ.

मृत्यूच्या अहवालाचा जो कागद असतो, नमुना नंबर दोन, त्याचे दोन भाग असतात. एका भागात आता सांगितली ती माहिती, तो आपल्याकडं ठेवायचा. दुसऱ्या भागात तो माणूस मूळ राहायला कुठं, धंदा काय, औषधपाणी मिळालं होतं का, कशानं गेला, तंबाखू, सुपारी, दारू अशा सवयी होत्या का आणि किती वर्षं. हा भाग फाडून महिन्याच्या शेवटी वर पाठवायचा, आकडेवारीसाठी. म्हणजे माणूस कधी मेला हे गावात राहतं आणि कसा जगला याची जी काय चार अक्षरं असतात ती वर जाऊन आकड्यात मिसळतात. त्यात कुणाचा दोष नाही. सरकारला आकडाच हवा असतो आणि तो लागतोही, त्याशिवाय कुठली साथ कुठं आली हे कळायचं कसं? पण कागद फाडताना मला दर वेळी थोडं चमत्कारिक वाटायचं.

वरच्या वाडीतली एक म्हातारी गेली. मुलगा नोंद करायला आला. मी विचारलं, "तंबाखू, मिशरी काही?" "छे, छे!" मी लिहिलं, नाही. सांगणाऱ्यानं सांगितलं ते लिहायचं, असाच नियम आहे. मग तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला गेलो. भात, वडा, पोळी, सगळं पानावर मांडलं. कावळे सावरीच्या झाडावर ओळीनं बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ. थोरला म्हणाला, "बांधाचं भांडण मिटवतो." धाकटा म्हणाला, "पोरीचं लग्न याच सालात करतो." कावळे ढिम्म. ऊन तापायला लागलं. शेवटी थोरली सून पुढं आली, स्वतःच्या कमरेची मिशरीची डबी काढली आणि झाकण उघडून पानाशेजारी ठेवली. लगेच कावळा उतरला. सगळी माणसं हसली, डोळे पुसत हसली. सुनेनं डबी उचलली, झाकण लावलं आणि परत कमरेला खोवली. तेव्हा कळलं की सासू-सुनांची डबी एकच होती. उन्हं कलली की दोघी पडवीत बसून दाताला मिशरी लावायच्या आणि त्या घरातले निम्मे निर्णय तिथंच व्हायचे. आता सांग, हे लिहायला कुठला रकाना आहे?

दुसरी एक बाब आहे, ती नोकरीत नसलेल्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. जन्म असो वा मृत्यू, नोंद जिथं घडलं तिथं होते, माणूस जिथं राहतो तिथं नव्हे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तुझा जन्म गडहिंग्लजच्या रजिस्टरात. तुझी आज्जी जन्मली भुदरगडातल्या वाडीत. नोंद असलीच तर तिथल्या जुन्या दप्तरात. लग्न होऊन इथं आली. त्यानंतर सगळं आयुष्य या गावात. इथल्या चिखलात भाताची रोपं लावली, इथल्या पावसात जळण वाळवलं, इथल्या विहिरीवर भांडली. शेवटी आजार वाढला म्हणून कोल्हापूरच्या दवाखान्यात नेली आणि तिथंच गेली, म्हणून नोंद महानगरपालिकेत. आपल्या गावच्या जन्माच्या रजिस्टरात आज्जी नाही आणि मृत्यूच्याही नाही. मतदार यादीत होती, रेशनकार्डावर होती. तिथून नाव कमी करायचे अर्ज मीच भरले.

हे बायांच्या बाबतीत जवळजवळ नेमानं होतं. पुरुषांतले निसटले ते मुंबईला गिरणीत गेलेले. आपल्या तालुक्यातून किती तरी गेले, खानावळीत जेवले, पाळीपाळीनं एकाच खोलीत झोपले. १९८२ च्या संपानंतर बरेच परत आले, काही तिथंच राहिले आणि तिथंच संपले. गावाला त्यांची खबर तारेनं किंवा ट्रंककॉलनं आली, कागदावर कधी आलीच नाही. आणि २०२१ चा उन्हाळा तर तुझ्या डोळ्यांसमोरचा आहे. माणसं कोल्हापूरला नेली, तिकडंच दहन झालं. रक्षाविसर्जनाला चार माणसं. त्या वर्षाचं गावचं रजिस्टर कुणी पुढं उघडून पाहिलं तर म्हणेल, इथं काही विशेष घडलेलं दिसत नाही.

पूर्वी तरी बरं होतं का? तसं नाही. २०२३ च्या हिवाळ्यात कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं, तेव्हा तहसिलीतले जुन्या कागदांचे रुमाल सुटले. जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर म्हणजे गाव नमुना १४, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. बरंच मोडीत. मोडी वाचणाऱ्याला त्या दिवसांत लग्नातल्या भटजीइतकी मागणी होती. सगळे जातीचा रकाना शोधत होते, मी शेजारचा वाचून घेत होतो, मृत्यूचं कारण. ताप. पटकी. देवी. हगवण. मग ताप, ताप, ताप, अशी पानं. मानमोडीत हिंदुस्थानात कोटीच्या वर माणसं गेली हे आपण वाचतो, पण एकाच अक्षरात, एकाच शाईत, एका वाडीची ओळीनं उतरलेली नावं बघितली की बोट पुढं सरकत नाही. त्यातही बाया म्हणजे अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, वय वर्षे दोन. पुष्कळ ठिकाणी नाव नाहीच.

म्हसोबाच्या देवळामागं तो शेंदूर फासलेला दगड आहे ना, ज्याच्यावर चढून तुम्ही पोरं आंबे पाडायची, तो वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. अशा दगडांवर सगळ्यात खाली लढाई असते, कुठं गाई पळवून नेताना अडवलेलं असतं. मध्ये त्या वीराला अप्सरा वर नेतात, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला आणि डोक्यावर चंद्र-सूर्य. करवीर तालुक्यातल्या बीड गावात तर असे कितीतरी. तो कसा मेला हे दगडावर सगळं आहे, पण नाव बहुतेक वेळा नसतं. आमच्या रजिस्टरात नेमकं उलटं.

या सगळ्यात मला खरा कारकून वाटतो तो हेळवी. तुला आठवत असेल, बैल घेऊन यायचा, गळ्यात घंटा, पाठीवर वह्यांचं बाड. सुगी झाली की कर्नाटकातून येतो, काही वर्षांआड. ओट्यावर बसून आपल्या घराण्याच्या पिढ्या घडाघडा म्हणतो. मूळ गाव कुठलं, कोण कुठून कुठं आला, कुणाला किती मुलगे, कोण निपुत्रिक गेला. बदल्यात धान्य, कपडा, ऐपत असेल तर गाय. तू लहान असताना आला तेव्हा आजोबांनी त्याला थांबवलं. "पोरीचं नाव घाल." तो म्हणाला, "अण्णा, पोरी दुसऱ्या घरच्या वहीत जातात." आजोबांनी आणखी एक पायली जोंधळा ओतला. नाव पडलं. आपल्या वहीतली तू पहिली मुलगी. लाच म्हण हवं तर, माझी हरकत नाही.

आणि आता पेपरातलं निधनवृत्त. त्याचा साचा तुला पाठ असेल. "वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात तीन मुले, दोन विवाहित मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे. प्रगतशील शेतकरी अमुक यांच्या त्या मातोश्री होत. रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ वाजता." हे मजकूर बहुतेक घरं माझ्याकडून लिहून नेतात. मी मुद्दाम एखादी ओळ जास्तीची घालतो. "पाटा-वरवंट्याला टाकी घालून घ्यायला आसपासची माणसं त्यांच्याकडे येत." सकाळी पेपर उघडावा तर नेमकी तेवढीच ओळ उडालेली. जागेचा प्रश्न असतो, समजू शकतो. फ्लेक्सवर जागा भरपूर, पण तिथं शब्द नसतात, फोटो असतो. तोही बापईमाणसाचा असेल तर फोटोवाला त्याला कोट चढवतो. जन्मभर बंडीवर राहिलेला माणूस मेल्यावर चौकात कोट घालून उभा. बाईचा असेल तर आधारकार्डावरचा, डोळे वटारलेला, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला, खांद्यावर दुसऱ्याचा हात राहिलेला.

तर मी तुला पाठवतो ते याच्यासाठी. फोटोखाली मी दोन-चार ओळी लिहितो त्या तू वाचत नसशील, पण त्या मी वहीतही उतरवतो. खालच्या आळीतल्या सुईणीचं लिहिलं. तिनं निम्मी वाडी जगात आणली. जन्माच्या अर्जात प्रसूती कुणी केली असा रकाना असतो, तिथं मी दर वेळी 'पारंपरिक दाई' अशी खूण केली. तिचं नाव त्यातल्या एकाही कागदावर नाही. कारण रकान्यात नाव विचारलेलंच नव्हतं. अंधारात कंदील घेऊन ओढा ओलांडताना ती मोठमोठ्यानं ओव्या म्हणायची, गवा रस्त्यावर असला तर बाजूला व्हावा म्हणून. दूध सोसायटीत फॅट लावणाऱ्याचं लिहिलं. त्याच्या सख्ख्या भावाचं दूध पातळ निघालं तेव्हा त्यानं सगळ्यांदेखत ते परत केलं होतं आणि दोघं नंतर दोन वर्षं बोलत नव्हते. भावाच्याच मुलानं त्याला शेवटचं पाणी पाजलं.

आता तुझ्याकडं काम आहे. वहीतल्या बायांची माहेरं मला सापडत नाहीत. नवऱ्यांना विचारावं तर "तिकडं आजऱ्याकडची होती बहुतेक," असं उत्तर येतं. तुझ्या सासूबाई मूळच्या भुदरगडच्या, आज्जीच्याच बाजूच्या. त्यांना विचार, त्यांच्या आईचं माहेरचं नाव काय होतं, लग्नात बदललं का, आणि कुठल्या गावात गेल्या. आज्जीच्या वाडीतून आणखी कोण कोण या पट्ट्यात दिली होती हेही त्यांना सांगता येईल. त्यांची बोलण्याची पद्धत मला माहीत आहे, पहिल्यांदा म्हणतील "मला कुठलं आठवतंय." घाई करू नकोस, भाजी निवडायला बस त्यांच्याबरोबर. फोनवर रेकॉर्ड केलंस तरी चालेल, पण त्यांना सांगून.

हेळवी यंदा सुगीनंतर येणार असा निरोप आहे. त्या सुमारास सुट्टी मिळते का बघ. पिल्लाला घेऊन ये. तिचं नाव आपल्या वहीत बसतं की जावईबापूंच्या घरच्या, यावर हेळव्याशी वाद घालायला मला तू हवी आहेस.

गावी पाऊस जोरात आहे. लाइट दिवसातून चार वेळा जाते. आईनं आंबाडीचं लोणचं केलंय, येणाऱ्या गाडीनं पाठवते. बरणी परत पाठव म्हणून बजावलंय. जावईबापूंना आशीर्वाद, सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझे
बाबा